फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीच सुरू करावं का?

रानजाई: मूल हवं असं ठरलं की त्याच महिन्यापासून फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं, असं माझं ठाम मत. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते; फॉलिक कमी पडून ती नीट मिटली नाही, तर बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात जन्मजात दोष राहू शकतो. पाळी चुकली, टेस्ट केली, डॉक्टरांकडे नंबर लावला, तोवर ते दिवस सरलेले असतात. माझ्या नणंदेला पहिली गोळी मिळाली ती नाव नोंदवल्यावर, तिसऱ्या महिन्यात. डोहाळजेवणाची हौस सगळ्यांना, पण रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमबद्दल लग्न झालेल्या मुलीला कुणी चकार शब्द सांगत नाही.

अंगतपंगत: गरोदरपण म्हणजे आजारपण नव्हे. मेथी, शेपू, उसळी, अळीव पोटात जात असताना गोळ्यांचं हे परकं खूळ कशाला? आणि दुकानदार एक गोळी देतच नाही, वीस-बावीस घटकांचा महागडा डबा पुढे करतो. त्यातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं, हे कोण सांगतं?

रानजाई: डब्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण भाजीतलं फोलेट, म्हणजे फॉलिकचं नैसर्गिक रूप, शिजवताना बरंच नष्ट होतं. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या बायकांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. आणि परकं कसं? ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या, इथल्या गरोदर गिरणी कामगार बायकांच्या पंडुरोगावर यीस्टच्या अर्काने गुण येतो हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे हेच फोलेट.

शिवारातली: दोघीही बी-१२ जीवनसत्त्व विसरताय. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या गावांतल्या माता-मुलांचा अभ्यास केला. ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारं, प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. शाकाहारी घरात बी-१२ सहज कमी पडतं, तिथे नुसत्या फॉलिकवर थांबू नका.

अंगतपंगत: मग मी तेच म्हणतेय ना! आधी रक्त तपासा, मग गोळी.

रानजाई: बी-१२ तपासा, जरूर. पण तालुक्याच्या गावात रिपोर्टची वाट बघत फॉलिक लांबवायचं नाही, ताई.

आशाताई_सातारा: आमच्याकडे चौथ्या महिन्यापासून लाल गोळ्या देतो, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, १८० दिवस. मळमळ झाली, शौचाला काळी झाली की बायका घाबरून गोळ्या डब्यातच ठेवतात. काळी होणारच, घाबरू नका. रात्री जेवल्यावर घ्या, चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

अंगतपंगत: फॉलिकपुरतं मान्य. तो डबा मात्र माझ्या सुनेला मी घेऊ देणार नाही.