लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) मेमरी मागताना साइजऑफच्या कंसात काय लिहावे?

प्रश्न: लिनक्सच्या एका जुन्या ड्रायव्हरमध्ये केमॅलॉकला (kmalloc, मेमरी मागण्याचे फंक्शन) आकार देताना साइजऑफच्या (sizeof, बाइटमधला आकार सांगणारा) कंसात स्ट्रक्टचे (अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या प्रकाराचे) नाव आहे. माझ्या पॅचमध्ये (पाठवलेल्या बदलात) मी तेच ठेवले, तेव्हा तपासणाऱ्यांनी तेथे तारका लावून पॉइंटरचे (मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या चलाचे) नाव, म्हणजे sizeof(*p) असे, लिहिण्यास सांगितले. आकडा तोच येत असताना हा आग्रह कशासाठी?

उत्तर: आज तोच येतो. उद्या कोणी पॉइंटरचा प्रकार बदलला आणि कंसातले नाव बदलायचे राहिले, तर कंपायलर अवाक्षर काढणार नाही, कारण केमॅलॉक व्हॉइड पॉइंटर (प्रकार न ठरलेला पॉइंटर) परत करते आणि सी भाषेत तो कोणत्याही प्रकारच्या पॉइंटरमध्ये निमूटपणे ठेवता येतो. नवा स्ट्रक्ट मोठा असल्यास शेजारच्या मेमरीवर लिहिले जाईल. कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येही (कोड कसा लिहावा याच्या नियमावलीत) हीच पद्धत सांगितली आहे. तारका मात्र विसरू नका. ती गळाली तर ६४ बिटी यंत्रावर फक्त पॉइंटरच्या स्वतःच्या आकाराएवढे ८ बाइट मागितले जातात.

दुसरे उत्तर: अ‍ॅरे असेल तर गुणाकार स्वतः करूच नये, असे माझे ठाम मत आहे. ३२ बिटी यंत्रावर १६ बाइटचे २६,८४,३५,४५७ घटक मागितले, तर गुणाकार ३२ बिटांत न मावल्याने उलटून केवळ १६ बाइट उरतात आणि मागणी बिनबोभाट मंजूर होते. केमॅलॉक अ‍ॅरे (kmalloc_array) हे फंक्शन हा गुणाकार तपासते आणि तो मावत नसल्यास नल (रिकामा पॉइंटर) परत करते. स्ट्रक्टच्या शेवटी लवचीक अ‍ॅरे (लांबी आधी न ठरलेला अ‍ॅरे) असल्यास एकूण आकार काढण्यासाठी स्ट्रक्ट साइज (struct_size) वापरावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. माझ्या ड्रायव्हरमध्ये असा एक गुणाकार सापडला. दोन्ही बदल वेगवेगळ्या पॅचमध्ये पाठवतो.