इमॅच्युअर किडनी: अपरिपक्व, कच्ची की कोवळी?

नीलपाखरू: नव्या आयांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय, त्यात 'इमॅच्युअर किडनी' आलंय. आधी 'अपरिपक्व मूत्रपिंड' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, अपरिपक्व तर तुझा दीर आहे, किडनी कशी असेल. मग 'अविकसित' केलं, आता तेही खटकतंय. सुचवा काहीतरी.

चहाबाज: 'कच्ची' चालेल की. कच्चं दूध, कच्ची कैरी, सगळ्यांना कळतं.

बालडॉक: कच्ची म्हटलं की लोक कमजोर समजतात हो, 'कच्चा आहे गणितात' तसं. आणि 'अविकसित' तर मुळीच नको, किडनीची वाढच नीट न होणं हा वेगळा आजार आहे आणि ते वाचून आईची झोप उडेल. पूर्ण दिवसांच्या बाळात नेफ्रॉन म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्या जन्माआधीच बनून झालेल्या असतात, गरोदरपणाच्या साधारण 34 ते 36 आठवड्यांपर्यंत, एका किडनीत सरासरी 10 लाखांच्या आसपास (माणसागणिक बराच फरक असतो), आणि त्यानंतर जन्मभरात एकही नवी बनत नाही. फक्त काम संथ असतं. गाळण्याचा वेग, ज्याला आम्ही जीएफआर म्हणतो, तो जन्मताना 20 च्या आसपास, दोन आठवड्यांत जवळपास दुप्पट, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसाएवढा, 100 ते 120. हे आकडे मिनिटाला मिलीलिटरचे, आणि अंगाचं आकारमान धरून काढलेले, नाहीतर म्हणाल एवढंसं पोर आणि बापाएवढी किडनी!

हुरडापार्टी: डॉक्टर हे तर आमच्या जोंधळ्यासारखं झालं बघा. कणसात दाणे किती ते एकदा ठरलं की ठरलं, पुढं नुसतं भरायचं काम, आधी चिकात असतो दाणा, मग हुरड्याला येतो, मग टणक. म्हणून मी म्हणतो 'कोवळी' लिहा. कोवळ्या कणसाला कुणी आजारी म्हणत नाही.

बालडॉक: वा, हे मी उद्यापासून ओपीडीत वापरणार. फक्त फार लवकर जन्मलेल्या बाळांचं वेगळं, त्यांचे दाणे अजून धरतच असतात.

चहाबाज: कोवळी छान आहे, पण मग मॅच्युअर झाल्यावर काय, जून किडनी? निबर किडनी? 😄

नीलपाखरू: 😂 तिथे 'तयार झाली' लिहीन. कोवळी फायनल. पण पुढच्याच वाक्यात घोळ आहे, बाळाची किडनी लघवी 'कॉन्सन्ट्रेट' करू शकत नाही म्हणे. 'संहत'? कोण वाचणार?

बालडॉक: 'दाट' लिहा सरळ. मोठा माणूस पाणी वाचवायला जेवढी दाट लघवी करू शकतो त्याच्या जेमतेम निम्मी बाळाला जमते, वर्षभराचं होईस्तोवर ते सुधारतं. म्हणून जुलाब झाले की बाळ पटकन सुकतं. उलट जास्तीचं पाणी पाजलं तर तेही भराभर बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातलं मीठ उतरतं. त्यामुळे सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आज्यांना हे पटवणं हा माझा अर्धा धंदा आहे.

मावळतीकडे: मला यात खरा धोक्याचा शब्द 'नॉर्मल' वाटतो. पुतणीचा रिपोर्ट आला, दोन वर्षांची, क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, जो किडनी गाळून टाकते) 0.9, शेजारी छापलेली रेंज मोठ्यांची, म्हणून आम्ही सगळे खूश, नॉर्मल नॉर्मल. डॉक्टरांनी उंची विचारली, 85 सेंटीमीटर, आणि चेहरा बदलला त्यांचा.

बालडॉक: बदलणारच. उंचीला 0.413 ने गुणून क्रिएटिनिनने भागायचं, श्वार्ट्झचं सूत्र. 85 सेंटीमीटरला 0.9 म्हणजे जीएफआर येतो 39, आणि 0.3 असतं तर आला असता 117. लहान मुलांत स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन कमीच असायला हवं. आणि जन्मल्या जन्मल्या तपासलं तर तो आकडा बराचसा आईचाच असतो, त्यावरून बाळाचं काही ठरवता येत नाही. पुतणी कशी आहे आता?

मावळतीकडे: औषधं चालू आहेत, खेळतेय. दर तीन महिन्यांनी उंची मोजतात, ती टाचा उचलून उभी राहते.