चिकन कात्सूचे आवरण सुटू नये म्हणून काय करावे?

प्रश्न

जपानी पद्धतीचे चिकन कात्सू मी आतापर्यंत तीन वेळा घरी केले, परंतु तिन्ही वेळा कापताना ब्रेडच्या चुऱ्याचे आवरण सालीसारखे निघून आले. चिकन ब्रेस्टला आले-लसणाचे वाटण, लिंबू आणि मीठ लावून मी तासभर मुरवते. मग मैदा, फेटलेले अंडे आणि दुकानात मिळणारा बारीक, लालसर चुरा या क्रमाने घोळवून तळते. बाहेरचा रंग पटकन गडद होतो आणि जाड भाग आतून कच्चा राहतो. माझे नेमके कोठे चुकत असावे?

प्रतिसाद १

घोळवण्याचा आपला क्रम बरोबर आहे. अडचण मुरवण्यात आहे. वाटण आणि लिंबू यांमुळे मांसाला पाणी सुटते, मैद्याचा त्यावर चिकट लगदा होतो आणि तेलात त्या पाण्याची वाफ होऊन ती आवरणाला आतून ढकलते. कात्सूत मांसाला फक्त मीठ आणि मिरपूड लावतात, कारण चवीचा भार सॉसवर असतो. आपल्याकडच्या सवयीमुळे हे अळणी वाटेल, पण एकदा विश्वास ठेवून पाहा. मीठ लावून दहा मिनिटांनी तुकडा कागदाने कोरडा टिपावा, मैद्याचा अगदी पातळ थर देऊन जादाचा झटकून टाकावा आणि चुरा तळहाताने हलके दाबून लावल्यावर तुकडे दहा मिनिटे तसेच ठेवावेत. ब्रेस्ट आडवे चिरून सगळीकडे साधारण दीड सेंटिमीटर जाडीचे केले, तर ते आतपर्यंत एकसारखे शिजते.

प्रतिसाद २

रंग लवकर चढण्याचे कारण तो लालसर चुरा आहे, कारण तो बहुधा आधीच भाजलेला असतो. जपानी पांको (तळणासाठीचा ब्रेडचा चुरा) ज्या पावापासून करतात, तो अनेकदा भट्टीऐवजी विजेच्या प्रवाहाने भाजतात. त्यामुळे त्याला तपकिरी कड येत नाही आणि चुरा पांढरा, मोठ्या पापुद्र्यांचा राहतो. पांको मिळत नसेल, तर एक दिवस शिळ्या पांढऱ्या ब्रेडच्या कडा काढून तो जाड किसणीवर किसावा आणि रंग न बदलू देता मंद ओव्हनमध्ये वाळवावा. तेल १७० अंशांच्या आसपास असावे. पहिले मिनिटभर तुकड्याला झारा लावू नये. ओले आवरण सर्वांत जास्त तेव्हाच फाटते.

प्रतिसाद ३

मी योकोहामात राहते, म्हणून एक भर घालते. तळलेला तुकडा कागदावर पसरू नये, जाळीवर ठेवावा, अन्यथा खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. तीन-चार मिनिटे थांबून मग सुरी करवतीसारखी न ओढता सरळ खाली दाबून कापावे. सॉससाठी तीन चमचे केचप, दोन चमचे वूस्टर सॉस, एक चमचा सोया सॉस आणि एक चमचा साखर पुरते. सोबत केसासारखा बारीक चिरलेला, बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून निथळलेला कोबी अवश्य घ्यावा. तळणाच्या जडपणावर इतका चांगला उतारा मला दुसरा ठाऊक नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल वाटण न लावता, घरी किसलेला चुरा वापरून केले. आवरण कापल्यानंतरही जागचे हलले नाही. एका जाड तुकड्याचा मधला भाग मात्र अजूनही थोडा गुलाबी होता, म्हणून तो परत तेलात सोडावा लागला. पुढच्या वेळी तुकडे पट्टीने मोजूनच चिरेन.