सांतो दोमिंगो पाहिलेल्यांनी लिहा: काय बघावं, कोणत्या क्रमाने

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पुंता कानाच्या किनाऱ्यावर उतरणारे बहुतेक जण राजधानी सांतो दोमिंगोला वगळतात. रस्ता जेमतेम 200 किमी, बसने अडीच-तीन तास. जाणकारांनी नेमकं लिहा.

*
सोमवार टाळा. आल्कासार दे कोलोन (कोलंबसच्या मुलाचा, दिएगोचा वाडा) आणि कासास रेआलेस संग्रहालय, दोन्ही बंद असतात. सकाळी ओसामा किल्ल्यापासून सुरुवात करा; बुरुजाचा जिना अरुंद आहे, ऊन चढायच्या आत वर जाऊन या. तिथून लास दामास रस्त्याने उत्तरेला चालत गेलं की पँथिऑन (राष्ट्रीय वीरांचं समाधिस्थळ), कासास रेआलेस आणि शेवटी आल्कासार ओळीने लागतात. वस्ती आधी ओसामा नदीच्या पूर्वेला होती. 1502 च्या वादळानंतर स्पॅनिश गव्हर्नर ओवांदोने ती पश्चिमेला हलवली. म्हणून जुनं सगळं एकाच काठावर, पायी होण्याजोगं.

*
कॅथेड्रलला हाफपँट किंवा उघडे खांदे चालत नाहीत, दारातूनच परत पाठवतात. पातळ ओढणी जवळ ठेवा.
सान निकोलास इस्पितळाचे अवशेष (काम 1503 मध्ये सुरू) लोक उगाच सोडतात. दहा मिनिटं पुरतात.

*
एल कोंदे रस्ता खरेदीसाठी सुमारच, पण पश्चिम टोकापर्यंत जा. 27 फेब्रुवारी 1844 ला स्वातंत्र्य जाहीर झालं ती पुएर्ता देल कोंदे ही वेस तिथेच आहे.

*
ट्रेस ओहोस नदीपलीकडे, टॅक्सीनेच जावं. चुनखडीच्या गुहांतली तळी. पायऱ्या ओल्या आणि उंच, त्यामुळे गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच पाहावं. नाव ‘तीन डोळे’, तळी चार. चौथ्याकडे दोरीने ओढायचा तराफा नेतो, त्याचे पैसे वेगळे. सुटे पेसो ठेवा.

*
शाकाहारींसाठी: सकाळी मांगू (उकडून कुस्करलेली कच्ची केळी) मागा, सोबतचं सलामी (मांसाच्या सॉसेजचे काप) ‘सिन सालामी’ म्हणून काढायला सांगा. दुपारच्या राजम्यात मांसाचा रस्सा असू शकतो, विचारूनच घ्या. बिलावर 18 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क लागतं, मेनूतला आकडा बऱ्याचदा त्याआधीचा असतो. वर टिप सक्तीची नाही.

*
विमानाआधी सरकारी ‘ई-तिकीट’ फॉर्म (विमानाचं तिकीट नव्हे) ऑनलाइन भरा, देशात येताना आणि तिथून जाताना दोन्हीसाठी. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका. वीज 110 व्होल्ट, प्लग अमेरिकेसारखे चपट्या पिनांचे. भारतातून जाणाऱ्यांना अडॅप्टर लागेल.