जीव वाचवणाऱ्या पोरांचा सरकारी गौरव व्हावा का?

यवतमाळकर
गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात दहा वर्षांचं पोरगं शेततळ्यात घसरलं. आठवीतल्या मुलीनं त्याला वाचवलं. १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ झालं अन् विषय संपला. शहरातली असती तर दिल्लीपर्यंत नाव गेलं असतं. ग्रामसभेनं ठराव करून प्रस्ताव पाठवावा, असं माझं मत. तुमचं?

बोडीकाठचा
माझा विरोध आहे, भाऊ. माझा भाचा सोळा वर्षांचा होता. दोस्त बुडताना दिसला म्हणून यानं तलावात उडी टाकली. दोस्ताला दुसऱ्यांनी काढलं, हा गेला. लोक 'शूर होता' म्हणतात तेव्हा बहीण उठून आत जाते. उडी मारणाऱ्याला पदक दिलं की बाकीची लेकरं तेच शिकतात.

यवतमाळकर
भाऊ, वाचून पोटात कालवलं. पण आमच्या पोरीनं उडी मारलीच नाही. शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं बैलाचा कासरा खांबाला बांधला, पालथी पडली अन् दुसरं टोक फेकलं. हेच चार गावांत कळायला पाहिजे!

गुरुजी_वाशीम
मग प्रस्ताव कराच. जीवन रक्षा पदक १९६१ पासून आहे. बुडणं, आग, विजेचा धक्का, जनावराचा हल्ला, सगळं त्यात बसतं. वयाची अट नाही, शिफारस राज्य सरकारमार्फत जाते. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारात शौर्य आणि समाजसेवा दोन्ही आहेत. वय ५ ते १८, अर्ज ऑनलाइन. १९५७ मध्ये राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्कार सुरू झाले ते रामलीला मैदानावरच्या आगीत एका पोरानं दाखवलेल्या हिमतीमुळे. तिथं नेहरू हजर होते. आपल्याकडं मात्र कागद रंगवणारं कोणी नसतं.

बोडीकाठचा
कासऱ्याचं पटलं, गुरुजी. तिचा सत्कार झालाच पाहिजे. पण त्या तळ्याला कुंपण झालं का? कोणी दोर बांधला? मोठ्यांनी करायचं काम लेकरानं केलं, अन् आपण तिला हार घालून मोकळे. हे मला अजूनही पटत नाही.

यवतमाळकर
नाही झालं, भाऊ. खोटं कशाला बोलू. ग्रामसभेत दोन ठराव मांडतो, आधी कुंपणाचा.

गुरुजी_वाशीम
अन् काढणाऱ्यांचे, पाहणाऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. वर्ष उलटलं की माणसं विसरतात.