तिला पलंगाखालून ओढू नका

एका ताईंनी लिहिलंय की गोव्यात म्हापशाहून घरी आणलेली रस्त्यावरची कुत्री पलंगाखालून बाहेर येत नाही, जेवतही नाही. कृपा करून तिला ओढून काढू नका. खाणं-पाणी तिथेच सरकवा आणि थोडं लांब, तिच्याकडे पाठ करून बसा. रस्त्यावर वाढलेल्या जिवाला बंद दार, मिक्सर, फरशीवरून घसरणारे पाय, सगळंच नवीन. काही जणींना मोकळं व्हायला महिने लागतात आणि ते अगदी ठीक आहे. पाणीसुद्धा पीत नसेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

नसबंदी करताना कानाला खूण म्हणून खाच पाडतात; ती असेल तर नसबंदी झालेली आहे, पण रेबीजची लस दरवर्षी द्यावीच लागते. आपल्याकडच्या पावसात गोचिडी फार. ताप, फिकट हिरड्या, मरगळ दिसली की रक्त तपासून घ्या.

आणि नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, नरकासुराचे पुतळे नाचवत मोठ्याने गाणी आणि फटाके वाजतात तेव्हा, तिला बाल्कावात (घरापुढच्या ओसरीत) अजिबात बांधू नका! त्या आवाजाने घाबरून पळालेली कुत्री सापडणं कठीण. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, कुणीतरी सोबत बसा. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर आजच लिहा.