आंधळ्या कुत्रीला बांधून ठेवायचं की आवारात मोकळं सोडायचं?

धुऱ्यावरची

आमची भुरी नऊ वर्षांची, गावठीच. मागच्या पावसाळ्यात तिला गोचिडाचा ताप आला, अंग तापलं, नाकातून रक्त गेलं, खाणं सुटलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी २८ दिवस डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या दिल्या, जीव वाचला पण डोळे आतून सुजले होते ते गेलेच. आता दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नाही. डॉक्टर म्हणाले दुखणं राहिलं नाही, नजर मात्र परत येणार नाही.

वाद घरातच आहे. भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणतात गुरांच्या कोठ्यात साखळीनं बांधून ठेव, बाजूला वावर आहे, विहीर आहे, ट्रॅक्टर येतो जातो, एखाद्या दिवशी जीवानिशी जाईल. मी त्यांचं ऐकून पंधरा दिवस बांधलीही. ती खुंट्याभोवती एकाच बाजूनं फिरत राह्यची, फिरून फिरून जमिनीवर गोल वाट पडली, आणि भाकर समोर ठेवली तरी तोंड लावे ना. सोडली त्या दिवशी भिंतीला नाक लावून तिनं सगळ्या आवाराला चक्कर मारली, कडुनिंबापाशी थांबली आणि रांजणाखालच्या ओल्या मातीत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी सगळं पाठ. आता मी चूल पेटवली की सासूबाईंच्या बाजेखालून उठून सरळ माझ्याकडे येते, उंबरठ्यापाशी पुढचा पाय उचलून चाचपते आणि मगच आत टाकते. हे रोज पाहते म्हणून साखळी हातात घेववत नाही मला. तुमच्याकडे कोणी असं कुत्रं सांभाळलं असेल तर सांगा.

पांदणवाला

ताई राग मानू नका पण भासरे बरोबर बोलून राह्यले. मायाच घरची गोष्ट सांगतो, आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याले मोतीबिंदू होता, आमी मोकळाच ठेवला, वावरातल्या विहिरीले कठडा नव्हता. रात्री पडला. सकाळी मोटर चालू कराले गेलो तं पाण्यावर दिसला, आतल्या दगडाईवर नखाचे ओरखडे होते, म्हणजे किती वेळ धडपडला असन. तवापासून मोकळं सोडा म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाई.

अन दुसरी गोष्ट. सगळेच सांगतात घरातलं सामान हलवू नका, कुत्रं शिकून घेते. फ्लॅटमधी जमते ते. आपल्या आवारात जूनमधी खताच्या थैल्या, दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन, मंग कापूस, उन्हाळ्यात पऱ्हाट्याचा ढीग. आज पाठ केलेलं महिन्याभरानं खोटं. त्यावर बिबट हायेच.

कडुनिंबाखाली

विहिरीचं मान्य, पण बिबट्याचं उलटं आहे भाऊ. साखळीचं कुत्रं पळू शकत नाही, तेच आधी जाते. आमच्या गावात दोन गेले, दोन्ही बांधलेले. रात्री आत घेऊन दार लावा, त्याला साखळी कशाला लागते? आणि कोठा टिनाचा असेल तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा दिवसा तिथं बांधणं म्हणजे भाजणं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात, कलम ११ मध्ये, कुत्रं कायम बांधून ठेवून फिरवायचं नाही हा गुन्हा लिहिलेला आहे. आपल्याकडे कोणी त्याची तक्रार करत नाही ते वेगळं.

कोरडवाहू

मी स्पष्ट बोलतो. कुत्रं राखणीसाठी असते. जे धड चोर पाहू शकत नाही, ज्याला लेकरासारखं जपावं लागते, त्याला डॉक्टरकडून सुई देऊन कायमचं शांत करणं यात पाप नाही. यंदा सोयाबीनला भाव नाही, घरात माणसाच्या औषधाला पैसा पुरत नाही. आणि ते अंधारात जगून राह्यलं हे पाहायला मलाच त्रास होते.

धुऱ्यावरची

दादा, पैशाचं समजते, आमच्याकडेही तीच गत आहे. पण भुरीला औषध आता काहीच नाही, वर्षाची रेबीजची लस तेवढी, आणि भाकर ती आधीही खायचीच. राखण म्हणाल तर फाटकाशी अनोळखी पाऊल वाजलं की सगळ्यात आधी तीच भुंकते. अंधाराचा त्रास तुम्हाला होते, तिला होते का ते तिच्याकडे पाहून ठरवा ना.

पशुधन पर्यवेक्षक (निवृत्त)

सुई द्यायची का, हे नजर गेली यावरून ठरत नाही, दुखते का यावरून ठरते. डोळा मिचकावणं, पंजानं चोळणं, खाणं सोडणं, डोक्याला हात लावू न देणं हे दुखण्याचं लक्षण. बुब्बुळ मोठं होऊन डोळा लाल आणि बाहेर आलेला दिसला तर आत दाब वाढलेला असतो, काचबिंदू. तो फार दुखतो आणि कुत्रं तोंडानं सांगत नाही, नुसतं पडून राहतं. नजर गेलेली असेल आणि दाब औषधानं उतरत नसेल तर तो डोळा काढून टाकतात, टाके वाळले की तेच कुत्रं पुन्हा शेपटी हलवतं. नागपूरला आणि अकोल्याला पशुवैद्यकीय संस्था आहेत, तिथं दाखवता येतं. भुरीचे डोळे आतून सुजले होते म्हणता, तर दाब मागाहूनही वाढू शकतो, अधूनमधून पाहत जा.

एक हात जोडून सांगणं, घरातले माणसाचे ड्रॉप डोळ्यात टाकू नका. त्यात स्टिरॉइड असलं आणि बुब्बुळावर जखम असली तर डोळा फुटू शकतो. तुरटीचं पाणी, बकरीचं दूध, हेही नको. मी हे प्रकार फार पाहिले आहेत आणि दरवेळी वाईट वाटलं.

आजीबाई वर्धेच्या

आमच्या आंधळ्या कुत्रीनं नातवाला चावलं होतं, झोपेत असताना त्यानं मागून गळ्यात हात टाकला. तिची चूक नव्हती, दचकली बिचारी. तरी जखम साबणानं धुतली, लस घेतली. तेव्हापासून घरात नियम, आधी नावानं हाक, तिनं कान हलवला की मगच हात. आणि दुसऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं, ती त्याच्या आवाजामागं वावरापर्यंत जायची. मी सोबत असायची पण.

धुऱ्यावरची

पांदणवाले दादा, सामान हलण्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, मला ते कबूल करायलाच लागते. सोयाबीन घरी आलं त्या दिवशी ट्रॉली तिच्या नेहमीच्या वाटेवर उभी केली, ती चालत आली आणि लोखंडावर नाक आपटलं. रक्त निघालं, दोन दिवस बाजेखालून बाहेर आली नाही. म्हणून बाजेपासून रांजणापर्यंत आणि तिथून चुलीपर्यंत एक वाट ठरवली, विटा अंथरल्या. त्या विटांवर बारदाना, घमेलं, सायकल, काहीच ठेवायचं नाही, घरच्या पोट्ट्यांनाही पाठ झालं. बाकी आवार कितीही बदलो, पायाखाली वीट लागली की ती बिनधास्त चालते. पायरीच्या आधी बारदान्याचा तुकडा शिवून खिळ्यानं ठोकला, तो लागला की थांबते. वावराकडचं फाटक बंदच असते, विहिरीभोवती दोन हात गिट्टी पसरली आहे.

पांदणवाला

वाट चांगली केली. पण गिट्टीवर भरवसा ठेवू नका. हळू चालताना थांबन, फटाका फुटला अन घाबरून पळाली तं गिट्टी कळाच्या आधी आत. फाटक बी एखांद्या दिवशी पोट्टं उघडं टाकते. विहिरीले जाळी बसवा, कमरेएवढी, खालून फट राहू देऊ नका. अन पोळ्याच्या दिवशी तरी बांधाच, ढोल वाजते, बैल सुटते, गर्दी होते.

धुऱ्यावरची

जाळी बसवतो, भासऱ्यांना आजच सांगते, तेवढ्यानं ते खूश होतील. पोळ्याला मात्र आतल्या खोलीत ठेवीन, दार लावून, माझ्याजवळ. साखळी नाही लावणार दादा.